पेडगाव, व्हाया झेमिथांग

थालीपीठ उलथता उलथता सासूबाईंनी जाहीर केलं, की पुढच्या उन्हाळ्यात त्या येणार नाहीत. आमच्या घरात सगळे जाहीरनामे तव्याजवळच निघतात, त्यामुळे मी आधी फारसं मनावर घेतलं नाही. नवऱ्याने तर मान वर न करता "हो आई" म्हटलं आणि लोणी मागितलं.

"हो आई काय? ऐकलंस का मी काय म्हणाले?"

"नाही," नवरा म्हणाला. तो प्रामाणिक आहे. त्याच्या प्रामाणिकपणाने मला अनेकदा अडचणीत आणलंय.

"मी म्हटलं, आता मी येणार नाही. दर वर्षी पाय सुजवून घेत एवढ्या लांब यायचं, ते कुणाशी बोलायला? मुलगा ऑफिसात, सून ऑफिसात आणि नात जर्मनीत."

नात त्यांच्या शेजारीच बसली होती. थालीपीठाचं मधलं भोक डोळ्याला लावून ती त्यातून माझ्याकडे बघत होती. पण सासूबाईंचं म्हणणं काही खोटं नव्हतं. आम्ही सगळे फ्रांकफुर्टजवळच्या र्युसेल्सहाइमच्या त्या स्वयंपाकघरात होतो, लेक तेवढी जर्मनीत होती. ती सहा महिन्यांची असताना आम्ही पुण्याहून इकडे आलो. आता ती तिसरीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, आम्ही दार लावून कुजबुजतो तेही कळतं. उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. तिच्या तोंडून बाहेर पडणारा एकच मराठी शब्द म्हणजे 'आजी', आणि त्याच्या पुढेमागेही जर्मनच.

सासरे गेल्यावर सासूबाई दर उन्हाळ्यात आमच्याकडे यायला लागल्या. व्हिसा तीन महिन्यांचा मिळतो, तेवढे पुरेपूर राहतात. पहिल्या वर्षी नातीचं अवाक्षर कळेना, तेव्हा त्या पुण्याला परत गेल्या आणि थेट जर्मनच्या वर्गात नाव घातलं. कॉलेजच्या पोरापोरींमध्ये पहिल्या बाकावर बसल्या आणि ए-वनच्या, म्हणजे पहिल्या पायरीच्या, परीक्षेत वर्गात पहिल्या आल्या, मग पुढच्या पायऱ्याही चढल्या. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला त्यांनी. पहिलं येणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं. नातीच्या भाषेचा रस्ता धरला की नात भेटेल असा त्यांचा हिशोब होता. करायला गेल्या एक आणि झालं भलतंच.

"बाळा, आज शाळेत काय केलंस?" त्या विचारायच्या.

"निश्ट्स बेझोंडेरेस," म्हणजे विशेष काही नाही, असं लेक म्हणायची.

आता ते सासूबाईंना कळायचं. कळायचं म्हणून त्या पुढचं विचारायच्या, पुढचंही उत्तर जर्मनमध्येच यायचं. पोरीचं काहीच अडत नव्हतं. अडत होतं ते आजीचं. त्यांना नातीच्या तोंडून एक सलग, आपलं असं वाक्य ऐकायचं होतं. एकदा भांडी पुसताना त्या मला म्हणाल्या होत्या, "भांडली तरी चालेल गं. पण मराठीत भांडू दे." मी तेव्हा हसले होते. नंतर बाथरूममध्ये जाऊन थोडं रडलेही, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

तर थालीपीठ संपल्यावर जाहीरनाम्याचा दुसरा भाग आला. त्या येणार नाहीत. आम्हाला यायचं असेल तर आम्ही जावं, आणि जावं तर त्यांना एके ठिकाणी न्यावं.

"कुठे?" नवऱ्याने विचारलं. त्याच्या डोळ्यांपुढे अष्टविनायक असावेत.

"उजवीकडे वरच्या कोपऱ्यात."

हे कळायला आम्हाला जरा वेळ लागला. सासूबाईंनी जन्मभर फळ्यावर भारताचा नकाशा काढला होता. गुजरातेपासून सुरुवात करून, खाली जाऊन, वळून, पार वर अरुणाचलापर्यंत. "त्या कोपऱ्यात आले की दर वेळी खडू तुटायचा," त्या म्हणाल्या. "तवांगच्याही पुढे, झेमिथांगचं खोरं. तिथे मोनपा लोक राहतात. पलीकडे तिबेट. मी मुलांना सांगायचे, तिथे अमुक पिकतं, तमुक पिकतं. मी पाहिलंय कुठे? एकदा बघून येऊ, खडू का तुटतो ते."

ऑक्टोबरात लेकीला हेर्बस्टफेरिएन, म्हणजे शरदाची सुट्टी असते. आम्ही ती धरली. नवऱ्याने तयारी केली ती जर्मनीत राहून माणूस जशी करतो तशी. एक जाडजूड ऑर्डनर, म्हणजे कड्यांची फाइल. त्यात रंगीत खुणा लावून तिकिटं, इनर लाइन परमिट, विमा, परमिटच्या प्रती, आणि प्रतींच्या प्रती. लेकीने घरात घालायच्या लोकरी चपला घेतल्या, कारण तिकडे शाळेत वर्गात घालायला नेतात, तर डोंगरात का नाही. मी गोळ्या घेतल्या. सासूबाई पुण्याहून गुवाहाटीला आल्या, त्यांनी बाकरवडी आणली होती.

रस्ता सांगत बसत नाही. वळणं इतकी की एका वळणावर मला नवऱ्याचा स्वभाव पसंत होता आणि पुढच्या वळणावर नव्हता. बर्फाळ खिंड पार करून आम्ही तवांगला राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी तिथून खाली उतरायला लागलो. हिमालयात आपण वर वर जातो अशी माझी समजूत होती. झेमिथांगला उतरावं लागतं. उतरता उतरता थंडी मागे राहते, केळी दिसायला लागतात, आणि मग एकदम सगळं हिरवं होतं. डोंगर हिरवे, भिंतींवरचं शेवाळं हिरवं, पायऱ्यापायऱ्यांची शेतं पिवळी व्हायला आलेली पण अजून हिरवीच. मधून नदी, तीही हिरवट. प्रत्येक घरावर मक्याची कणसं वाळत टाकलेली. सासूबाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या.

"बंगालच्या उपसागरावरचे वारे इथे येऊन अडतात," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या."

चौकीवर जवानाने कागद मागितले. नवऱ्याच्या आयुष्यातला तो परमोच्च क्षण होता. त्याने ऑर्डनर उघडला, रंगीत खूण धरली आणि कागद काढला. जवानाने ऑर्डनर हातात घेऊन पुढून मागून पाहिला आणि आत जाऊन साहेबाला दाखवून आणला. परमिट नाही, ऑर्डनर. "बढ़िया चीज़ है," तो म्हणाला. नवरा पुढचे दोन दिवस छाती काढून चालत होता.

आम्ही उतरलो होतो एका मोनपा घरात. खाली दगडाचं, वर लाकडाचं. घर चालवायची तिथली सून, माझ्याच वयाची, फडाफडा हिंदी बोलणारी. आणि घरावर राज्य होतं तिच्या सासूचं. त्यांना सगळं गाव अमा म्हणत होतं, म्हणून आम्हीही अमा म्हणू लागलो. अमा उंचीने आमच्या लेकीएवढ्याच, गाल दोन्ही लाल. अंगात लालसर विणीचा झगा, डोक्यावर याकच्या केसांची काळी टोपी. त्या टोपीला चहूबाजूंनी शेपट्या लोंबत होत्या. पाऊस आला की पाणी शेपट्यांवरून गळून जातं, तोंडावर येत नाही, असं सुनेने समजावलं. सासूबाईंनी ती टोपी तिथल्या तिथे मागून घालून पाहिली. शोभली त्यांना, वाईट म्हणजे फारच शोभली. अमांना हिंदी येत नव्हती. 'बैठो' आणि 'खाओ' एवढं येत होतं. तेवढ्यात त्यांचं भागत असावं.

पहिल्या दुपारी आम्ही पाण्यावर चालणारं प्रार्थनाचक्र पाहिलं. ओढ्यावर इवलीशी दगडी खोली, आत रंगवलेलं मोठं चक्र, आणि खाली पाण्याच्या धारेने ते रात्रंदिवस फिरतंय. त्यावरचे मंत्र पाणीच म्हणून टाकतं. सासूबाईंना हे जलविद्युत-पुण्य फार आवडलं. त्या म्हणाल्या, "बघा, माणसाला हात लावायला नको. आपल्याकडे हे असतं तर माझे निम्मे उपास वाचले असते." नवरा ओढ्यात उतरून पाती कशी बसवलीत ते बघत होता. गाड्या बनवणाऱ्या कंपनीत दिवसभर काम करणारा माणूस, सुट्टीतही त्याला फिरणारंच काहीतरी लागतं. सुनेने लांबून पलीकडचा डोंगर दाखवला. त्याच्या मागे देश संपतो, म्हणाली. सासूबाई कितीतरी वेळ तिकडे बघत उभ्या होत्या. "इथेच," त्या म्हणाल्या. "इथेच तुटायचा."

आता चहाकडे येते.

मोनपांच्या घरात चहा दुधासाखरेचा नसतो. लांब लाकडी नळकांड्यात चहाचं पाणी, लोणी आणि मीठ घालून ते घुसळतात. त्याला आपला चहा समजून प्यालात तर घात होतो. पातळ सूप समजून प्यालात तर बरा लागतो. पहिला पेला आला तेव्हा सासूबाईंनी आम्हाला मराठीतून फर्मान सोडलं. "कुणी तोंडं वाकडी करायची नाहीत. हे लोणी त्यांनी कुठल्या कुरणातून पाठीवर आणलं असेल. पानात टाकायचं नाही, तसं पेल्यातही टाकायचं नाही. संपवा."

ही आमच्या घराण्याची पहिली शिकवण. लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा मला कुणी दागिने किती घालायचे ते सांगितलं नाही, पण पानात काही टाकायचं नाही हे तीनदा सांगितलं. दुसरी शिकवण म्हणजे आग्रह. त्यात सासूबाईंचा हात धरणारं कुणी मी अजून पाहिलेलं नाही. र्युसेल्सहाइमला आमच्या वरच्या मजल्यावर एक जर्मन बाई राहतात. त्यांना सासूबाईंनी पहिल्यांदा शंकरपाळे दिले, तेव्हा त्या बिचाऱ्या 'नाइन, डांके' म्हणाल्या. जर्मन माणूस नको म्हणतो तेव्हा त्याला नको असतं. सासूबाईंच्या मते नको ही आग्रहाची सुरुवात असते. त्या डबा घेऊन जिन्यात उभ्याच राहिल्या. शेवटी शरण येऊन बाईंनी डबा घेतला. आता त्या स्वतःहून रिकामा डबा परत आणून देतात आणि उभ्या राहतात.

पण शेरास सव्वाशेर असतोच. आम्ही पेले संपवले आणि अमांनी भरले. आम्ही पुन्हा संपवले. अमांनी पुन्हा भरले. मी पेल्यावर हात आडवा धरला, पंगतीत धरतो तसा. अमांनी माझा हात प्रेमाने उचलून बाजूला ठेवला आणि भरला. सासूबाईंच्या चेहऱ्यावर मला आधी कौतुक दिसलं, मग आदर, आणि मग चक्क भीती. त्या भूगोलाच्या बाई, त्यांना सीमारेषा कळतात. इथे आपण हरणार हे त्यांना कळलं होतं. तरी पेला रिकामा करायचं काही त्या सोडेनात.

"अहो आई, राहू दे ना थोडा," मी म्हटलं.

"टाकायचं नाही," त्या कण्हत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. चुलीभोवती आम्ही गोल बसलेलो. कुट्टूची धिरडी, याकच्या दुधाचं दगडासारखं चीज आणि ती किटली. नवरा सर्वांत आधी फुटला. "मी जरा ते चक्र बघून येतो," म्हणून जो गेला तो गेलाच. मग मी सुनेला भाजी तोडायला मदत करते म्हणून मागच्या वाफ्यात पळाले. तिथे आम्ही दोघी सुना मोहरीचा पाला खुडत आपापल्या सासवांबद्दल हिंदीत बोललो. फार गोड संवाद होता, तो इथे देत नाही. थोड्या वेळाने सासूबाईही आल्या, एका पायात बूट, दुसरा हातात, चेहरा पडलेला.

"पोरगी कुठाय?" मी विचारलं.

"आत. तिचा पेला अजून संपायचाय."

"तुम्ही तिला एकटीला तिथे सोडून आलात?"

"मला वांती होईलसं वाटलं गं," त्या म्हणाल्या, आणि बूट घालायला परत दाराच्या उंबऱ्यापाशी जाऊन वाकल्या. मीही त्यांच्या मागे गेले. दार अर्धं उघडं होतं.

आत अमांनी लेकीला अगदी जवळ ओढून घेतलं होतं. गुडघ्याला गुडघा लावून दोघी बसल्या होत्या. लोकरी चपलांमधले लेकीचे पाय अमांच्या झग्यावर होते. अमा मोनपा भाषेत तिच्याशी एकसारख्या बोलत होत्या. पोरीला कळतंय का, उत्तर येतंय का, याची त्यांना मुळीच फिकीर नव्हती. बोलता बोलता त्यांनी किटली उचलली.

आणि आमची लेक बोलली.

"नको ना आजी. पुरे. पोटात जागाच नाहीये. खरंच नाहीये, बघ." तिने स्वेटर वर करून पोट दाखवलं. "माझी आजी म्हणते पानात टाकायचं नाही. म्हणून मी पिते. मी पिते म्हणून तू घालते. तू घालते म्हणून मला परत प्यावं लागतं. असं कसं चालेल? मग आम्ही घरी कधी जाणार?"

मराठीत. सगळंच्या सगळं. 'र' जरा घशातून येत होता, पण बाकी ठसका थेट सदाशिव पेठेतला, म्हणजे सासूबाईंचा. 'असं कसं चालेल' हे तर त्यांचं पेटंट. एवढी वर्षं पोरीने सगळं भरून ठेवलं होतं, आणि ते उघडलं कुठे, तर देशाच्या शेवटच्या खोऱ्यात, मराठीचा गंधही नसलेल्या एका बाईपुढे.

अमा तिच्या पोटावर टिचकी मारून काहीतरी म्हणाल्या, हसल्या, आणि पेला भरला.

"अगं!" लेक ओरडली. "तुला कळत नाही का? मी एवढं सांगतेय!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही येत होतं, त्यामुळे नाकातून भलताच आवाज निघाला. मी पुढे व्हायला गेले. सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांचा दुसरा बूट अजून हातातच होता.

"आत जाऊ नकोस," त्या अगदी हळू म्हणाल्या. "बोलू दे."

"अहो आई, पण तिला चहा..."

"पिऊ दे. बोलू दे."

म्हणजे नातीचं पोट फुटायची वेळ आली होती आणि आजी दारात उभी राहून ऐकत होती. पोरीने मग अमांना बरंच काय काय सांगितलं. तिच्या वर्गातल्या मुलीचा ससा मेला, बाबा वळणांवर गाणं म्हणतो आणि ते वाईट असतं, आणि तिला टोपी हवीये शेपट्यांची. अमा मधूनमधून मोनपात उत्तर देत होत्या. दोघींचं छान चाललं होतं. सासूबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता. एकात बूट होता, दुसऱ्यात मी.

शेवटी आतली कोंडी सुनेने फोडली. ती पाल्याची टोपली घेऊन आली आणि आम्हा दोघींना दारात चोरासारखं उभं बघून थबकली. मी तिला चहाचं संकट सांगितलं. ती एवढी हसली की टोपलीतला पाला सांडला.

"आंटी, ख़ाली करोगे तो वो भरेगी ही," ती म्हणाली. "ख़ाली कप मेहमान के सामने रखना हमारे यहाँ शरम की बात है। नहीं पीना, तो भरा हुआ छोड़ दो। भरा है मतलब मेहमान अभी बैठा है। जाने के टाइम पी लेना।"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. दोन दिवस आम्ही चौघं जे शिष्टाचार म्हणून ढोसत होतो, ते त्यांच्या लेखी 'अजून आणा' असा गजर होता. पानात टाकायचं नाही ही आमची पहिली शिकवण तवांगच्या अलीकडेच लागू होती.

"एवढं शिकवलं या जिल्ह्याबद्दल," त्या म्हणाल्या. "हे पुस्तकात नव्हतं."

मग आत जाऊन त्यांनी लेकीचा भरलेला पेला तिच्या हातातून काढून घेतला आणि खाली ठेवला. अमांनी समाधानाने मान हलवली. किटली चुलीवर गेली. इतकं सोपं होतं ते.

निघताना अमांनी लेकीला जवळ घेऊन तिच्या डोक्यावर शेपट्यांची एक छोटी टोपी ठेवली, आणि सासूबाईंना त्यांनी घालून पाहिलेली ती मोठी दिली. सासूबाईंनी उरलेली सगळी बाकरवडी त्यांच्या ओच्यात घातली. अमांनी नको नको म्हटलं. सासूबाईंनी त्यांचा हात प्रेमाने उचलून बाजूला ठेवला. एवढं तरी त्यांनी जिंकायला हवंच होतं.

गाडीत बसल्या बसल्या लेक पुन्हा जर्मनीत गेली. खिडकीबाहेर बघत ती बाबाला जर्मनमध्ये काहीतरी विचारू लागली. सासूबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यांनी अगदी सहज, पेपर तपासताना विचारावं तशा आवाजात विचारलं, "काय गं, त्या आजीशी मराठीत बोलत होतीस ना?"

लेकीने खांदे उडवले. "झी कान डोख काइन डॉइच," ती म्हणाली.

तिला जर्मन येत नाही ना.

हे वाक्य ए-वनच्या पहिल्या धड्यातलं आहे. सासूबाईंना भाषांतराची गरज नव्हती. त्यांचा चेहरा एकदम निश्चल झाला. मला वाटलं, त्या दुखावल्या. मलाच फार वाईट वाटलं. कुणाची काही चूक नसताना सगळं उलटं व्हावं याचा मला रागही आला, आणि तो मी नवऱ्यावर काढला, वळणावर गाणं म्हणतो म्हणून. सासूबाई तवांगपर्यंत शेपट्यांची टोपी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

गुवाहाटीच्या विमानतळावर त्यांचं पुण्याचं विमान आधी होतं. पाया पडायला मी वाकले तर त्या म्हणाल्या, "उन्हाळ्याची सुट्टी कधी लागते तुमच्याकडे? आधी कळव. तिकीट स्वस्त पडतं."

जुलैमध्ये त्या आल्या. फ्रांकफुर्टच्या विमानतळावर नवऱ्याने कौतुकाने काहीतरी जर्मनमध्ये विचारलं, ते दोघे तसं गमतीत करायचे. सासूबाईंनी त्याच्याकडे कोरं बघितलं.

"काय म्हणतोस? मला नाही कळलं."

"आई! वर्गात पहिली आली होतीस तू."

"वय झालं रे. सगळं विसरले. डांके सोडून काही आठवत नाही."

नवऱ्याचा चेहरा पडला. त्याने रात्री मला विचारलंही, डॉक्टरला दाखवायचं का. माझा मात्र वहीम दुसऱ्याच दिवशी पक्का झाला. सासूबाई सुपरमार्केटच्या जाहिरातीचा कागद चष्मा लावून मन लावून वाचत होत्या. माझी चाहूल लागताच त्यांनी त्यावर मटार सोलायला घेतले. मग वरच्या मजल्यावरच्या बाई मला जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, तुमच्या सासूबाई किती छान बोलतात हो, काल आम्ही टोमॅटोच्या रोपांबद्दल अर्धा तास बोललो. कोणत्या भाषेत, हे मी विचारलं नाही. त्या बाईंना एकच भाषा येते.

सासूबाई वेड पांघरून पेडगावला निघाल्या होत्या. त्यांच्या वाटेत उभं राहायची माझी काय बिशाद?

पहिले काही दिवस अवघड गेले. लेक यायची, "आजी, इश हाबे हुंगर," म्हणायची, आणि आजी खिडकीतून चिमण्या बघत बसायची. पोरगी पुन्हा सांगायची, जरा मोठ्याने. आजी म्हणायची, "काय गं बाळा? काय दुखतंय?" पोरगी माझ्याकडे बघायची. मी कांदा चिरायची. शेवटी एकदा पाय आपटून ती म्हणाली, "भूक! भूक लागलीये!" आजीने लगेच ताट वाढलं, जणू काही घडलंच नाही.

मग हळूहळू एक एक वाक्य सुटत गेलं. तूप पाहिजे. तूप नको. गोष्ट सांग, पण कालची नको, कालची कंटाळवाणी होती. दोघी माइन नदीच्या काठी फिरायला जायच्या, पाऊस असला की दोघींच्या डोक्यांवर शेपट्यांच्या टोप्या. सायकलवाले वळून वळून बघायचे. लेक भांडायलाही लागली, मराठीत. सासूबाई त्या भांडणातून अशा तृप्त चेहऱ्याने बाहेर पडायच्या की बस.

एक सवय तेवढी तिने अमांकडून उचलली होती. संध्याकाळी आजी ग्लासभर दूध द्यायची. लेक ते प्यायचीच नाही. भरलेला ग्लास समोर ठेवून बोलत बसायची, आणि झोपायला उठताना गटागटा पिऊन टाकायची. 'पानात टाकायचं नाही' म्हणायची सोयच राहिली नव्हती.

सप्टेंबरच्या अखेरीस, सासूबाई परत जायच्या आधी, एका संध्याकाळी दाराची घंटा वाजली. मी स्वयंपाकघरात होते, लेक टेबलाशी दुधाचा ग्लास घेऊन बसलेली. सासूबाईंनी दार उघडलं. वरच्या बाई होत्या, हातात आमचाच रिकामा डबा आणि स्वतःच्या रोपाचे टोमॅटो. त्यांनी भराभर काहीतरी विचारलं. सासूबाई आनंदल्या आणि अनवधानाने त्यांनी तेवढ्याच भराभर उत्तर दिलं. पाणी किती घालायचं, ऊन किती, खालची पानं कधी खुडायची, सगळं, शुद्ध जर्मनमध्ये, क्रियापदं जागच्या जागी.

दार लावून त्या वळल्या, तर लेक त्यांच्याकडेच बघत होती. सासूबाईंचा हात टोमॅटोंवर तसाच राहिला. झालं, मी मनात म्हटलं. संपला उन्हाळा.

"आजी," लेक म्हणाली, "मला माहितीये तुला जर्मन येतं."

"कधीपासून?" सासूबाईंनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. तू जिन्यात बोलतेस ना, ते माझ्या खोलीत ऐकू येतं."

"मग तू माझ्याशी मराठीत का बोलत होतीस?"

लेकीने खांदे उडवले, गाडीत उडवले होते तसेच. "तू एवढं विसरल्याचं नाटक करत होतीस. तुला वाईट वाटलं असतं."

सासूबाई खुर्चीवर बसल्या. टोमॅटो एकेक करून टेबलावर मांडले. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "गेनाऊ." अगदी बरोबर.

लेक खुदकन हसली. ग्लासातलं दूध काठोकाठ होतं. तिने त्याला हात लावला नाही, खुर्ची आजीजवळ ओढली आणि वर्गातल्या त्या मुलीने आता नवा ससा आणलाय, त्याची हकिकत सांगायला लागली.